घडी मोडायला दिलेली पैठणी

मालविक्रीचा कायदा मी दोनदा शिकले. एकदा नाशकातल्या लॉ कॉलेजात, परीक्षेपुरता, आणि दुसऱ्यांदा आईच्या साडीपायी. कॉलेजातल्या सरांची सगळी उदाहरणं घोड्याची असत. अमक्याने तमक्याला घोडा विकला, घोडा लंगडा निघाला, आता काय? आम्ही पोरी मागच्या बाकावर हसत बसायचो, कारण आमच्या सात पिढ्यांत कुणी घोडा घेतलेला नव्हता. वकिलीत पडल्यावर कळलं की घोड्याच्या जागी काहीही घाला, भांडण तेच राहतं. विकणारा म्हणतो, तुम्ही बघून घेतलंत. घेणारा म्हणतो, तुम्ही तसं सांगितलं होतंत.

ही गोष्ट नव्वदीच्या मध्यावरची. सनद मिळून मला दीड वर्ष झालं होतं. कोर्टाजवळच्या एका सिनियर वकिलांच्या ऑफिसात मी टेबलाच्या कोपऱ्यावर बसायचे आणि मला सगळं येत होतं. इतकं सगळं पुन्हा कधी आलं नाही.

आई नगरपालिकेच्या शाळेत शिक्षिका होती. तिच्या लग्नात तिच्या अंगावर जी पैठणी होती ती शेजारच्या बाईंची, मागून आणलेली. पंगती उठायच्या आत ती बाई दारात येऊन उभी राहिली आणि आईने आत जाऊन साडी सोडून दिली. हे आई रडून सांगत नसे, पण दर दोन-तीन वर्षांनी सांगत असे. निवृत्तीला दोन वर्षं उरली तेव्हा ती एके दिवशी म्हणाली, "निरोपाच्या दिवशी खुर्चीत बसवतात, हार घालतात, चार जण उठून खोटं बोलतात. त्या दिवशी माझ्या अंगावर माझी पैठणी पाहिजे." आमची आई मागणाऱ्यातली नव्हती. त्यामुळे हे मागणं घरात सगळ्यांच्या लक्षात राहिलं.

आम्ही दोघी एसटीने येवल्याला गेलो. ज्या व्यापाऱ्याकडे गेलो त्याच्या घरातच मागच्या खोलीत माग होते. विणकर जमिनीतल्या खड्ड्यात पाय सोडून बसलेला, पुढ्यात बोटाएवढ्या कांड्यांवर गुंडाळलेलं रेशीम. दिवसभरात तो इंच-दीड इंच पुढे सरकत असेल. व्यापाऱ्याने आईला अर्धवट विणलेला पदर उलटा करून दाखवला. "बाई, हातमागाची ओळख ही. मोर पुढून जसा तसाच मागून. मागे दोरे लोंबले, कापलेले दिसले, की समजा मशीनचं काम." आईने शाळेत मुलांची वही तपासावी तसं दोन्ही बाजूंनी पाहिलं. मग त्याने ऑर्डरच्या कागदावर लिहून दिलं : मोरपंखी रंग, पदरावर मोर, हातमाग, दोन्ही बाजू सारख्या. तो कागद मी जपून ठेवला. माझी तेवढीच हुशारी पुढे कामी आली.

सात-आठ महिन्यांनी साडी घरी आली. मलमलीत गुंडाळलेली, वर सुतळी. आईने मलमल बाजूला केली, वरच्या वर हात फिरवला, रंग पाहिला, हळदकुंकू लावलं आणि देवापुढे ठेवली. उघडली नाही. वडील म्हणाले, "अगं, बघून तरी घे."

"घडी मोडायला द्यायची साडी उघडून देतात का?" आई म्हणाली.

आमच्याकडे नवी भारी साडी आपण आधी नेसत नाही. ज्या बाईवर जीव असतो तिला ती पहिल्यांदा नेसायला देतात. ती घडी मोडते, मग साडी आपली. द्यायची तीही जशी आली तशी, कोरी. आणि द्यायची सवाष्णीला, असं शेजारच्या काकू म्हणायच्या. आईने ती दिली माझ्या आत्याला.

आत्या म्हणजे वडिलांची धाकटी बहीण. सायखेड्याला राहायची, शिवणाचा क्लास चालवायची. बाविसाव्या वर्षी नवरा गेला. तेव्हापासून जरीचा काठसुद्धा तिने अंगाला लावला नव्हता. कुणी मनाई केली होती असं नाही, पण कुणी दिलाही नव्हता. आईने साडी तिच्या हातात ठेवली तेव्हा ती दोन पावलं मागे सरकली. "मला कशाला वहिनी? लोक काय म्हणतील? दुसऱ्या कुणाला दे." आई म्हणाली, "दुसऱ्या कुणाला द्यायची असती तर दुसऱ्या कुणाला बोलावलं नसतं का?" आत्या साडी घेऊन गेली. तिच्या शेजारी वास्तुशांत होती, तिथे नेसली. दिवसभर नेसली.

तिसऱ्या दिवशी ती सकाळच्या गाडीने नाशकात हजर. साडी अगदी पहिल्या घडीवर घडी घालून आणलेली. शिवणाऱ्या बाईचा हात तो, इकडची रेघ तिकडे झाली नव्हती. आईपुढे ठेवली आणि म्हणाली, "वहिनी, ही हातमागाची नाय. मागनं दोरे कापलेत."

आईने पदर उलटा केला. मोराच्या पाठीवर कापलेल्या दोऱ्यांचं केसाळ जंगल होतं. आईने त्या दोऱ्यांवरून बोट फिरवलं. "कधी कळलं?" तिने विचारलं. "सोडताना," आत्या म्हणाली.

व्यापाऱ्याला मी चिठ्ठी पाठवली. माझी भाषा त्या काळात नोटिशीचीच होती. तो भला माणूस स्वतः घरी आला. त्याने साडी पाहिली आणि त्याचं तोंड उतरलं. त्याचा विणकर मध्येच काम सोडून गेला होता, म्हणून त्याने दुसऱ्या एकाकडून तयार माल उचलून पाठवला होता. "हातमागाचीच म्हणून दिली त्याने मला."

"तुम्ही बघितली नाहीत?" मी विचारलं.

"गिऱ्हाइकाची घडी मी कशी मोडू?" तो म्हणाला.

म्हणजे विकणाऱ्याने उघडली नाही आणि घेणारीनेही उघडली नाही. दोघांनी एकमेकांचा मान राखला आणि मशीनची साडी दोघांच्या मधून सरळ घरात आली. सरांच्या घोड्याचं असं कधी झालं नसतं.

तो पुढे म्हणाला, "कोरी असती तर आत्ता बदलून दिली असती बाई. निरोपाच्या आधी नवी विणून दिली असती, शब्द आहे. पण हिची घडी मोडलीय." आत्याची घडी इतकी बिनचूक होती, तरी त्याने कमरेजवळच्या निऱ्यांच्या पुसट खुणांवर बोट ठेवलं. शिवण शिकवणारी नणंद नेसली होती, एवढं आईने त्याला सांगितलं. "ज्याने मला ही दिली तो मोडलेली घडी परत घेणार नाही. माझ्या गळ्यात राहील." त्याचं चुकत होतं असं आज म्हणवत नाही. त्या दिवशी मात्र मी त्याला दारापर्यंत कायदा ऐकवत नेलं.

कायदा असा आहे. सांगितलेल्या वर्णनाचा माल मिळाला नाही तर घेणारा तो परत करू शकतो. पण त्याने मालकासारखं त्या मालाचं काही केलं, वापरला, दुसऱ्याला दिला, तर त्याने तो स्वीकारला असं धरतात. हे बेचाळिसावं कलम. एकदा स्वीकारला की परत देता येत नाही, फार तर किमतीतला फरक मागता येतो. आईला फरक नको होता. फरक अंगावर नेसता येत नाही.

मी रात्रंदिवस ते कलम चघळत होते. शेवटी मला फट सापडली. कायद्यातली फट सापडली की नवशिक्या वकिलाला साक्षात देव भेटतो. साडी नेसली कुणी? आत्याने. आईने ती दिली असेल तर ते आईचं कृत्य, मग स्वीकार झाला. पण आत्याने ती आईला न विचारता नेली असेल तर? मग आईने काहीच केलेलं नाही. मग स्वीकार नाही, मग साडी परत, मग नवी पैठणी, तीही निरोपाच्या आधी. माझ्या सिनियरांनी चष्म्यावरून माझ्याकडे पाहिलं. "बरोबर आहे," ते म्हणाले. "फक्त हे बोलायला तोंड पाहिजे."

ग्राहक मंचात तक्रार दाखल केली. त्यात मी मोठ्या चतुराईने लिहिलं, 'साडीची घडी मोडली गेली.' कुणी मोडली, कशी मोडली, काही नाही. जणू वाऱ्याने मोडली. आईने कागद वाचला, 'गेली' या शब्दावर तिचं बोट थोडा वेळ थांबलं, मग सही केली. साडी मंचाकडे जमा झाली. खाकी कागदात बांधून, वर नंबर टाकून, एका लोखंडी कपाटात.

मी सायखेड्याला गेले, आत्याला समजावायला. दुपारची वेळ होती, क्लासच्या मुली गेल्या होत्या, पाच-सहा मशिनी झाकून ठेवलेल्या. मी बिचकत बिचकत सांगितलं की तुला असं असं म्हणावं लागेल. मला वाटलं होतं ती चिडेल. ती लगेच म्हणाली, "म्हणते की. न इचारता नेली म्हणून सांगते. चोर म्हणतील, दुसरं काय?"

मग ती उठली, मशीनवरची चिंध्या-दोऱ्यांची डबी उघडली, परत झाकली. "तुला एक सांगते. वहिनीला नको सांगू." तिने माझ्याकडे पाहिलं नाही. "सोडताना नाय कळलं मला. पदर उघडला तवाच कळलं, नेसायच्या आधी. हात लावला न् कळलं. म्हटलं, ठिवून द्यावी, सांगावं वहिनीला. पण हातात व्हती ना गं. अंगाला लावून पाह्यली. मग हात काय ऐकंना. नेसले."

मला आत्याचा राग आला, अगदी खरा राग. एका दिवसाच्या नेसण्यापायी आईची आयुष्यातली एकुलती एक पैठणी गेली. आणि त्याच वेळी तिच्या झाकलेल्या मशिनी, तिची फिकी सुती साडी दिसत होती. मी चहा घेतला आणि चारच्या गाडीने परत आले. आईला सांगितलं नाही.

मंचात एरवी कागदावरच काम चालतं. पण व्यापाऱ्याच्या वकिलांनी आईला प्रश्न विचारायची परवानगी मागितली आणि ती मिळाली. निरोपाला तेव्हा चार महिने उरले होते. व्यापाऱ्याचे वकील म्हातारे, पांढऱ्या केसांचे, बोलायला अत्यंत गोड. अशा वकिलांची मला आजही भीती वाटते. आत्या सकाळीच आली होती. मागच्या बाकावर पिशवी मांडीवर घेऊन बसली होती, खोटं बोलायला अगदी तयार. मी आईला घरी तीनदा पढवलं होतं. "तू फक्त म्हण, मला माहीत नव्हतं." आई प्रत्येक वेळी "हं" म्हणाली होती. शाळेत न ऐकणाऱ्या मुलाच्या आईला ती असंच "हं" म्हणत असे, हे मला तेव्हा आठवायला हवं होतं.

वकिलांनी आधी इकडचं तिकडचं विचारलं. ऑर्डर कधी दिली, साडी कुणी आणून दिली. मग म्हणाले, "बाई, साडी आल्यावर तुम्ही उघडून पाहिलीत?"

"नाही."

"का बरं?"

"घडी मोडायला द्यायची साडी उघडत नाहीत. तुमच्या घरी विचारा."

अध्यक्ष गालात हसले. वकीलही हसले. "तुमच्या नणंदबाई शिवणकाम करतात. कापडातलं त्यांना कळतं. मग नेसण्याआधी त्यांच्या लक्षात आलं नाही?"

मला मागे वळून पाहायचं धाडस झालं नाही. आई म्हणाली, "मान म्हणून दिलेली साडी कुणी तपासत बसत नाही."

"दिलेली," वकील हळूच म्हणाले. "म्हणजे ती साडी नणंदबाईंनी स्वतःहून नेली, की तुम्ही दिलीत?"

आईने माझ्याकडे पाहिलं नाही. मागच्या बाकाकडे पाहिलं.

"मी दिली," ती म्हणाली. "हळदकुंकू लावून दिली. त्या नको म्हणत होत्या. मी त्यांच्या हातात ठेवली."

वकिलांनी "आभारी आहे" म्हणून वाकून नमस्कार केला आणि ते खाली बसले. माझी फट बुजली होती. आत्याची साक्ष घ्यायचं कारणच उरलं नाही.

बाहेर पायऱ्यांवर आत्या आईवर अशी उखडली की मी तिला तसं कधी पाहिलं नव्हतं. "येडी हायेस का तू? मी आले व्हते ना? माझं काय जाणार व्हतं? मला तिथं कोण ओळखतं?" आई छत्री उघडत होती. ती म्हणाली, "मी ओळखते." मग तिने रिक्षाला हात केला, आणि रिक्षात दोघी शाळेच्या पोषण आहाराच्या तांदळावर बोलत राहिल्या.

निकाल लागला तो मला पाठ होता तसाच. वर्णनाप्रमाणे माल नाही, पण स्वीकार झालेला, म्हणून किमतीतला फरक द्यावा. तो येईपर्यंत निरोप होऊन गेला होता. आई खुर्चीत बसली, हार घातले, चार जण उठून खोटं बोलले. ती जुनी नारायणपेठ नेसली होती. खाकी कागदातली साडी नंतर परत मिळाली तेव्हा आईने ती आत्यालाच देऊन टाकली. आत्याने ती पुन्हा कधी नेसल्याचं मी पाहिलं नाही. मी दुसरी पैठणी घेऊया म्हटलं की आई म्हणायची, "ती वेळ गेली." माझं मलाच इतकं लागलं होतं की पुढची काही वर्षं मी मालविक्रीच्या केसेस घेतच नव्हते. मग घ्यायला लागले, आणि त्यावरच घर चाललं.

दहा-अकरा वर्षं गेली. माझं स्वतःचं ऑफिस झालं. एकदा येवल्याला कोर्टाच्या कामाला गेले होते, ते काम लवकर संपलं, आणि मी आईला न विचारता एका विणकराच्या घरी गेले. मोरपंखी रंग, पदरावर मोर. अंगणात नेऊन उजेडात पाहिली, उलटी केली, सुलटी केली, काठावरून नखाने चाचपली. विणकराची बायको म्हणाली, "वकील आहात का हो ताई?" मी होय म्हटलं. ती म्हणाली, "वाटलंच."

घरी आणून आईच्या मांडीवर ठेवली. ती तेव्हा सत्तरीला आली होती. तिने वरच्या वर हात फिरवला. "मी नीट पाहिलीय, दोन्ही बाजूंनी," मी म्हटलं. "तूही बघ."

"तू बघितलीस ना? झालं तर," आई म्हणाली. तिने हळदकुंकू लावलं. "वन्संना फोन लाव."

मला कपाळावर हात मारून घ्यावासा वाटला. फोन लावला.

आत्या रविवारी आली. केस पांढरे झालेले, गुडघे धरलेले. आईने साडी पुढे केली तसे तिने दोन्ही हात पाठीमागे नेले. "मी नाय घेत."

"का?"

"मागच्या येळंला मला आधीच दिसलं व्हतं, वहिनी. नेसायच्या आधी. दोरे दिसले मला. तवाच ठिवली असती तर कोरी राह्यली असती, तुला नवी मिळाली असती." तिने हात अजून पाठीमागेच धरले होते. "तुझा निरोपाचा दिस म्या खाल्ला."

इतकी वर्षं मला वाटत होतं की हे फक्त मला माहीत आहे. मी आईकडे पाहिलं.

"मला माहीत आहे," आई म्हणाली. "तुमच्या हाताला कापड कळायला ते दिवसभर नेसावं लागतं होय?"

"मंग बोलली का नाय तू?"

"काय बोलायचं? तुम्हाला नेसायला दिली होती. तुम्ही नेसलात." आईने साडी तिच्या हातात कोंबली. "आता उजेड आहे तोवर नेसून या."

आत्या डोळे पुसत आतल्या खोलीत गेली. तिला बराच वेळ लागला. मी पिना शोधून दिल्या. ती बाहेर आली तेव्हा आईने तिला एकदा पुढून पाहिलं, मग मागे वळायला लावलं, पदर खांद्यावरून थोडा खाली ओढला, आणि परत समोर उभं केलं.

"छान," आई म्हणाली. "आता सोडा. मला नेसायचीय."